मोटारीचं दावं

लोणखेड्याच्या निंबाला मोटर घ्यायची आहे, ही बातमी गावात त्याच्या आईनेच फोडली. गोदाबाई सांगायला नव्हे, रडायला म्हणून विहिरीवर गेली होती. पण विहिरीवर रडलेलं गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? "घरात नाही दाना अन् मले बाजीराव म्हना," असं ती चार बायांत बोलली आणि दुपारपर्यंत पारावरची माणसं निंबाला विचारू लागली, "काय निंबाशेठ, पेट्रोल कपाशीत पिकतं का केळीत?"

निंबा हसला, बिडी विझवली आणि फावडं खांद्यावर टाकून मळ्यात गेला.

चैत्र संपत आला होता. तापीकाठी सकाळी नऊलाच झळा सुटायच्या आणि केळीची पानं फाटून चिंध्या व्हायची. निंबाने तेलाचं इंजिन हँडल मारून सुरू केलं, विहिरीचं पाणी पाटात सोडलं आणि एकेक सरी भरत निघाला. घोट्याएवढ्या चिखलात पाय थंड, डोक्यावर मात्र ऊन. असं पाणी भरताना माणसाचे हात कामात असतात आणि मन मोकळं असतं. निंबाचं मन गेली तीन वर्षं एकाच ठिकाणी जाऊन बसत होतं.

तीन वर्षांपूर्वी तो कापसाची गाडी सरकी काढायच्या जिनात घेऊन चालला होता. गाडीवर कापूस, कापसावर त्याची बायको आशाबाई. मागून शेजारच्या उखर्डूची गाडी आली आणि रस्ता रुंद बघून दोघांनाही खुमखुमी आली. निंबाचा पवळ्या बैल म्हणजे वारा. आशाबाई वरून ओरडली, "हळू हाका, वो!" उतारावर चाक दगडावर चढलं आणि ती वरून खाली आली. गावाला निंबाने सांगितलं, तिची हाक चाकांच्या आवाजात ऐकू आली नाही. हाक त्याला चांगली ऐकू आली होती. हे त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आशाबाईलासुद्धा नाही.

खुब्याचं हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. काठी घेऊन ती ओट्यापर्यंत येई, चुलीपाशी उंच पाटावर बसे. बैलगाडीत मात्र दहा पावलं गेली तरी तिच्या तोंडचा रंग उडायचा. तिचं माहेर सावळखेडं, रावेरच्याही पुढे. आगगाडी रावेरला सोडते, तिथून सहा कोस बैलगाडीच. म्हणजे माहेर संपलंच होतं. तीन आखाज्या आल्या आणि गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. लोणखेड्यातल्या माहेरवाशिणी झोक्यावर गाऊ लागल्या की आशाबाई घराचं दार लोटून घ्यायची. उन्हाची तिरीप येते म्हणायची.

त्या तीन वर्षांत एकदाच तिला प्रवास सुखाचा झाला. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या वकीलसाहेबांनी आपली मोटर पाठवली होती. निंबाचा बांधाचा खटला त्यांनीच लढवला होता. काळी विलायती मोटर, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, मागची गादी पलंगासारखी. आशाबाई तीवर आडवी पडून घरी आली. ओट्यावर टेकताच म्हणाली, "कळलंच नाई वो मले. ह्या गाडीत मी माहेरीबी जाईन."

बोलून ती विसरली असेल. निंबा विसरला नाही.

वकीलसाहेब मागच्या वर्षी वारले. प्रांतांची फेररचना होऊन नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि त्यांच्या मुलाची, श्रीकांतची, कचेरीही तिकडे गेली. आता तो आईला न्यायला आला होता. घराला कुलूप लागायचं होतं, मोटर विकायची होती. त्यातच सावळखेड्याहून केळीच्या लॉरीवाल्याबरोबर सासऱ्याचा, दगाबुवांचा, निरोप आला. त्यांची नजर गेली होती. दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, आशी आली का रे? आखाजीपर्यंत थांबतो म्हणावं.

"भाड्यानं ने ना मंग एक डाव," गोदाबाई म्हणाली.

"इचारलं. टॅक्सीवाला म्हने, सडकेच्या पुढे चाक नाई टाकनार. अन् एक डाव कशाले, माय? दर आखाजीले माहेरी जाईन ते."

"अन् बाकी सालभर मोटरले काय चारा टाकशीन?"

त्याचंही उत्तर निंबाकडे होतं. धाकटा भाऊ लीलाधर केळीच्या आडत्याची लॉरी चालवत होता. लग्नसराईत नवरदेव बसवायचे, बाजारच्या दिवशी बुऱ्हाणपूरच्या फेऱ्या मारायच्या. गोदाबाईने पदर तोंडाला लावला. आशाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची तव्यावरची भाकरी करपली.

बयाण्यासाठी पवळ्या विकला. मोटेच्या जोडीतला हा एकटाच उरला होता आणि इंजिन आल्यापासून बसून खात होता. गिऱ्हाइकाने आपलं नवं दावं आणलं होतं. निंबाने पवळ्याच्या गळ्यातलं जुनं दावं सोडून खांद्यावर टाकलं. बैल विकतात, दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते. दावं त्याने घरी येऊन खुंटीला अडकवलं आणि दोन दिवस गोठ्याकडे बघितलं नाही.

उरलेल्या पैशांसाठी तो बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीत गेला. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार बाबू, माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत बसला की त्याला समोरचा उभाच आवडायचा. निंबा वहाणा दाराबाहेर काढून तासभर उभा राहिला.

"मोटर?" नंदकुमार बाबू म्हणाले. "अरे, इथे रकाने आहेत. बैल, विहीर, इंजिन, नांगर. मोटर कुठे लिहू? विहिरीत?"

कारकून हसले. निंबाही हसला. कर्ज मागायला आलेल्याने हसावं लागतं.

"धंद्यासाठीच हाये, साहेब. भाऊ चालवनार. लग्नाच्या वराती—"

"ते ठीक. नवी घेतली असतीस तर कंपनीची पावती असते. ही वीस वर्षांची. खाजगीतली. मालक वर गेलेला. उद्या तू हप्ता बुडवलास तर आम्ही काय ओढून आणायचं? पत्रा?"

"केळीचा बाग लिहून देतो. जामीन देतो."

नंदकुमार बाबूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "इतकी काय हौस आहे रे तुला?"

हौस नाही, हे सांगायला निंबाने तोंड उघडलं. पण बायकोला माहेरी न्यायचं आहे, हे त्या फायलींच्या गठ्ठ्यांसमोर त्याला म्हणता येईना. "हौसच समजा, साहेब," तो म्हणाला आणि त्याचे कान तापले.

शेवटी ठरलं ते असं. दोन जामीन. सोमवारी संचालकांची सभा, त्या दिवशी मोटर सोसायटीच्या आवारात हजर करायची. बाबू स्वतः चालू करून बघणार. चालली तर चेक तिथल्या तिथे मालकाच्या हातात. नाही चालली तर पुढची सभा ज्येष्ठात.

सोमवारनंतर तिसऱ्या दिवशी आखाजी होती.

एक जामीन केळीचा आडत्या झाला. दुसऱ्यासाठी निंबा कोणाला विचारावं या विचारात असताना उखर्डूच घरी आला. ओट्यावर टेकला, तंबाखू मळत बसला. "अंगठा कोठी लावाचा ते सांग," म्हणाला. आशाबाई आतून चहा घेऊन काठी टेकत आली तेव्हा त्याने मान वर केली नाही. त्या दिवसाची शर्यत त्याच्याही मानेवर बसलेली होती.

शनिवारी निंबा मोटर आणायला बुधवाऱ्यात गेला. कागद झाले होते, बयाणा दिला होता, आणि श्रीकांतने भला माणूस म्हणून पूर्ण पैशांच्या आधीच गाडी न्यायला होकार दिला होता. तो स्वतः लोणखेड्यापर्यंत चालवत आणणार होता, कारण लीलाधर लॉरी घेऊन भुसावळला गेला होता.

श्रीकांतने आत बसून बटण दाबलं. मोटर खोकली, थरथरली आणि चालू झाली. "देखो, एका दमात!" तो म्हणाला. "बॅटरी कालच भरून आणलीय, निंबाभाऊ."

लीलाबाई, वकिलीणबाई, पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मोटरीच्या नाकाडाला हळदकुंकू लावलं आणि हात तसाच पत्र्यावर ठेवला. साहेब ह्याच मोटरीतून त्यांना रोज संध्याकाळी तापीच्या राजघाटावर न्यायचे, हे सगळ्या बुधवाऱ्याला ठाऊक होतं. मागे घरातलं सामान बांधलेलं, भिंतींवर तसबिरींचे पांढरे चौकोन. निंबाने मागची गादी उचलून बघितली. खाली फडक्यात गुंडाळलेलं एक लोखंडी हँडल होतं. तसलंच हँडल मारून तो रोज इंजिन चालू करायचा, तेव्हा ते कशाचं हे त्याला कळलं. पण मोटर तर बटणावर चालत होती. आणि समोर बाई उभ्या होत्या, गोठ्यातलं शेवटचं जनावर चाललेल्या माणसासारख्या.

त्याने हँडल काढलं आणि दोन्ही हातांवर घेऊन त्यांच्यापुढे धरलं.

"हे ठेवा, बाई. आमच्यात बैल नेतात, दावं नेत नाईत. हे मोटरचं दावं समजा."

लीलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याही मूळच्या शेतकऱ्याघरच्या, नेपानगरकडच्या पाटलाची लेक. त्यांनी हँडल घेतलं, पदराखाली धरलं आणि झटकन आत निघून गेल्या. पुढे स्टिअरिंगशी वाकून काटे बघत बसलेल्या श्रीकांतला यातलं काही दिसलं नाही. निंबा मागच्या गादीवर बसला. फार दिवसांनी त्याला आपण काही नीट केलं असं वाटत होतं. लागलंच कधी, तर घरी इंजिनाचं हँडल होतंच की.

लोणखेड्यात मोटर आली तेव्हा गाव लोटलं. गोदाबाईने आधी तोंड फिरवलं, मग तिनेच भाकरतुकडा ओवाळून टाकला. श्रीकांत तांगा करून परत गेला. आशाबाई काठी टेकत आली, दार उघडून मागच्या गादीवर तळहात दाबून बघितला. "हेच हाये," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं आणि त्याच्याकडे बघत ओट्यावर बसून राहिली.

पण मोटर दारात आली की पोरं येतात आणि पोरांच्या मागून थोरही येतात. ज्याला त्याला दिवे बघायचे होते, भोंगा वाजवायचा होता. निंबालाही नाही म्हणवेना. रविवारी दुपारी लीलाधर आला. त्याने बटण दाबलं. आतून सुस्कारा आला, बस.

"बॅटरी बसली. जुनी हाये दादा, पार गेलेली. हँडल दे."

"दिलं."

"कोनाले?"

निंबाने सांगितलं. लीलाधरने कपाळावर हात मारून घेतला. "दादा, यार! ते दावं नाई, ते पाय हाये तिचा!"

मग इंजिनाचं हँडल लावून बघितलं. तोंड मोठं. लोहाराकडे जाऊन ठोकून आणलं, तरी दात बसेना. त्या विलायती गाडीचं हँडल अख्ख्या बुऱ्हाणपुरात नाही, मुंबईहून मागवावं लागेल, असं लीलाधर म्हणाला. नवी बॅटरी घ्यायची तर पैसे सोसायटीतून सुटल्यावर. धक्का मारावा तर गावच्या फुफाट्यात चाकंच रुतत होती. बाईंकडून हँडल परत आणायचं तर निंबा ऐकेना.

सोमवारी उखर्डूने आपली बैलजोडी आणली. ओढायचा दोरखंड, सोल, आखूड पडला तेव्हा निंबाने खुंटीवरचं पवळ्याचं दावं काढून त्याला जोडलं. बैलांनी मोटर सडकेपर्यंत ओढली. तिथे आठ जणांनी धक्का दिला आणि ती भडभडत चालू झाली. निंबाने दावं सोडून कमरेला गुंडाळलं आणि धावतच आत उडी मारली. इतवाऱ्यापर्यंत लीलाधरने ती कुठे थांबू दिली नाही. एका म्हशीवाल्याने दिलेल्या शिव्या दोघांनी मुकाट ऐकल्या.

सोसायटीच्या आवारात संचालक सावलीला बसले होते. श्रीकांतही होता. पाचच्या गाडीने त्याला आईसह निघायचं होतं, फक्त चेकसाठी थांबला होता. मोटर आत येताच नंदकुमार बाबू उठले, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान. आता बंद कर."

लीलाधर घुटमळला.

"बंद कर रे. चालू कशी होते ते बघायचंय. बंद तर कुणीही करील."

लीलाधरने बंद केली. बाबू स्वतः आत बसले आणि बटण दाबलं. सुस्कारा. पुन्हा दाबलं. सुस्कारासुद्धा आला नाही. आवारातून रस्त्यावर चढ होता, धक्क्याचीही सोय नव्हती.

"ढकलगाडीला सोसायटी कर्ज देत नाही," बाबू म्हणाले आणि सगळे हसले. या वेळी निंबाला हसता आलं नाही.

"अरे, हँडल लावा ना!" श्रीकांत पुढे झाला. "सीटखाली होतं. मी स्वतः ठेवलं होतं."

"माझ्याकडून कोठीतरी गेलं," निंबा म्हणाला. बाईंचं नाव त्याच्या ओठांवर आलं नाही. लीलाधर काही बोलणार होता, त्याच्याकडे त्याने डोळे वटारले.

"कमाल करता, निंबाभाऊ! आता तुमचंही काम अडलं आणि माझंही."

"बाईसाहेब कोठी हायेत?"

"स्टेशनवर गेली सामान घेऊन. का?"

निंबाची नजर रस्त्यावरच्या तांग्याकडे गेली. नंदकुमार बाबूंनी घड्याळ काढलं. "चारला रजिस्टर बंद होतं. तोवर चालू झाली तर ठीक. नाहीतर ज्येष्ठात या."

शहराबाहेर लालबागच्या रेल्वे स्टेशनापर्यंत त्याने तांगा केला. घोडं उन्हाने मरगळलं होतं, निंबाच तांग्याच्या पुढे वाकून बसला होता. एकदा दिलेलं दावं मागणं म्हणजे विकणाऱ्याच्या गोठ्यात शिरून लक्ष्मी उचलणं. त्याच्या सात पिढ्यांत असं कोणी केलं नव्हतं. पण घरी हिरवं लुगडं दोन दिवस उन्हात पडलं होतं आणि सावळखेड्याच्या दारात एक आंधळा म्हातारा बसला होता. वाटेत त्याने दोनदा ठरवलं की मागायचं नाही, आणि दोनदा तांगेवाल्याला घाई करायला सांगितलं.

लीलाबाई फलाटावर ट्रंकेवर बसल्या होत्या. वळकटी मांडीशी ओढून घेतलेली. त्याला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"निंबा! तू आलास पोचवायला? सबंध बुधवाऱ्यातून एक माणूस आला नाही रे. सगळ्यांचा निरोप घरीच घेतला, खरं आहे, पण स्टेशनवर कोणी असलं म्हणजे बरं वाटतं."

निंबा खाली बसला.

"तुझं दावं नेतेय बरं का," त्या हळूच म्हणाल्या. "श्रीकांतला सांगितलं नाही, तो हसेल. जुन्या लुगड्यात गुंडाळलंय, इथे, वळकटीत. भोपाळात दोन खोल्या आहेत म्हणे, वरच्या मजल्यावर. तिथे माझं म्हणायला एवढंच."

रुळांवर ऊन थरथरत होतं. दूर कुठेतरी घंटा झाली. निंबाला वाटलं, उठावं, पाया पडावं आणि निघून जावं. ज्येष्ठ काही लांब नाही. मग त्याला आठवलं की अशीच एक हाक त्याने एकदा ऐकूनही न ऐकल्यासारखी केली होती.

"बाई, मी पोचवाले नाई आलो," तो म्हणाला. "मी दावं मागाले आलो."

त्याने सगळं सांगितलं. बॅटरी, सोसायटी, चारची वेळ, आखाजी, सासरा. आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना, म्हणून ती उताराची गोष्टही सांगितली. "ती हळू म्हने, बाई. मले ऐकू आलं व्हतं."

लीलाबाईंनी वळकटीचा पट्टा सोडला, आत हात घातला आणि मऊ झालेल्या लुगड्याची गुंडाळी बाहेर काढून मांडीवर ठेवली.

"दिलेलं दावं परत मागत नाहीत, निंबा."

"ठाऊक हाये मले."

"मग मी रिकाम्या हाताने जाऊ?"

निंबा उठून उभा राहिला. कमरेला हात गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सकाळी गुंडाळलेलं दावं अजून तसंच होतं. त्याने गाठ सोडली, वेढे उलगडले आणि ते अंबाडीचं जुनं, गुळगुळीत झालेलं दावं त्यांच्यापुढे धरलं.

"हे घ्या."

"कोणाचं?"

"पवळ्याचं. त्याच्याच पैशाचा बयाना तुमाले दिल्ता. त्या दिशीबी तोच व्हता गाडीले."

त्यांनी दावं हातात घेतलं, नाकाशी नेलं. बैलाच्या घामाचा वास त्या कितीतरी वर्षांनी घेत असाव्यात. डोळे मिटून तशाच बसल्या. मग लुगड्यातून हँडल काढून त्याच्या हातात दिलं, आणि त्याच लुगड्यात दावं नीट घडी करून ठेवलं.

"तुझ्या गोठ्याची लक्ष्मी नेतेय मी," त्या म्हणाल्या.

"न्या. माह्या घरची घरात हाये," निंबा म्हणाला.

तो चार पावलं गेला असेल, मागून त्यांनी हाक मारली. "निंबा, आशाबाईला डाव्या अंगाला बसव. उजवीकडची स्प्रिंग टोचते. ह्यांना किती वेळा सांगितलं, बदलून घ्या म्हणून."

चारला दहा मिनिटं कमी असताना लीलाधरने हँडल बसवलं. दोन झटके कोरडे गेले, तिसऱ्याला हँडल उलट येऊन त्याच्या मनगटावर बसलं. निंबाने त्याला बाजूला सारलं. रोजचं इंजिन फिरवणारा हात तो. त्याने अंग झोकून एकच फेरा दिला आणि सोसायटीच्या आवारात काळा धूर झाला. संचालक खोकत उठले. नंदकुमार बाबूंनी मोटर दोनदा बंद करायला लावली, दोनदा चालू करून बघितली आणि मग चेकवर सही केली. श्रीकांतने तो खिशात घातला, निंबाचा हात दाबला आणि स्टेशनाकडे पळाला. "हँडल शेवटी कुठे होतं हो?" असं त्याने जाता जाता विचारलं. निंबा म्हणाला, "जपून ठेवलेलं व्हतं."

आखाजीच्या दिवशी उजाडताना निंबाने आशाबाईला उचलून मोटरीत बसवलं, डाव्या अंगाला. खाली गोधडी, पाठीला उशी, पाय गादीवर लांब. हिरव्या लुगड्याला उन्हाचा वास येत होता. गोदाबाईने कैऱ्या, पुरणाचे मांडे आणि व्याह्यासाठी नवं धोतर बांधून दिलं आणि मोटर नजरेआड होईपर्यंत दारात उभी राहिली. हँडल गादीखाली होतं. दाव्याची खुंटी रिकामी होती. निघताना आशाबाईने ती बघितली आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

रावेर मागे पडलं, सडक संपली आणि सहा कोसांचा गाडीरस्ता लागला. लीलाधरला निंबाने आधीच बजावलं होतं. त्यामुळे मोटर चालत होती की विचार करत होती, हे कळत नव्हतं. एक बैलगाडी त्यांना मागे टाकून पुढे गेली. निंबा आशाबाईच्या डोक्याशी बसला होता. प्रत्येक खळगा त्याला आधी दिसायचा आणि तो तिच्या खांद्यावरची पकड घट्ट करायचा. "हळू, लीलाधर. हळू रे," दर दोन मिनिटांनी तो म्हणायचा. तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

नाल्याच्या पलीकडे सावळखेड्याची शीव आली. लिंबाची झाडं दिसली, झोके दिसले, मग गाणंही ऐकू आलं. एक ओळ वाऱ्यावर यायची, एक हरवायची. आशाबाई कोपरावर भार देऊन उठून बसली. तीन वर्षांत चालत्या गाडीत ती अशी आपली आपण उठून बसली नव्हती. हरवलेल्या ओळी तिचे ओठ आपोआप म्हणत होते.

समोर लांब, सरळ उतार होता. निंबाने श्वास धरला. "हळू—"

आशाबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"लीलाधरभाऊ," ती म्हणाली, "जोरात हाका. बाप दारात बसेल हाये."